बोनकोडे गावातील एक जुनी बाकी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळची फेरी सहसा चुकत नाही. नवकारसीला अवकाश असतो, तोवर तास-पाऊण तास चालून येतो. आमच्या कोपरखैरण्यातील बहुतेक समवयस्क मंडळी निसर्ग उद्यानाकडे जातात. एके काळी जेथे शहराचा कचरा टाकला जाई, त्याच जागी आज झाडी आणि फिरण्याच्या वाटा आहेत. मी मात्र बोनकोडे गावाकडे वळतो. का वळतो, हे मित्रांना मी अनेक दिवस सांगितले नव्हते. आज येथे सांगतो आहे.

सिडकोने आखलेले रस्ते सरळ आहेत. सेक्टर, भूखंड, घर, सर्वांना क्रमांक आहेत. गावठाणात पाऊल टाकले की रस्ता वळू लागतो आणि क्रमांक संपतात. येथे पत्ता माणसाच्या नावाने सांगितला जातो. काही गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. खाली दुकान, वर घरमालकाचे बिऱ्हाड, त्यावर भाडेकरू आणि सर्वांत वर पाण्याच्या काळ्या टाक्या. पहाटे दाराशी रांगोळी घालणारी आजी आणि त्याच दारातून पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन निघालेला तिचा नातू, दोघेही एकाच वेळी दिसतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे गाव शहरात शिरलेले वाटते. खरे म्हणजे शहर गावाभोवती उभे राहिले आहे.

ठाणे-बेलापूर पट्टीतील ही आगरी-कोळ्यांची गावे. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी हे नाव आले असे मानतात. भाताची शेती, खाडीची मासळी आणि मीठ यांवर या गावांचे पोट चाले. पलीकडे मुंबई वाढत होती. तिचा भार हलका करण्यासाठी खाडीच्या पूर्वेला नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी ठरल्या. शेते संपादनात गेली, मिठागरे गेली, राहती गावठाणे तेवढी राहिली. नकाशावर ती बेटांसारखी दिसतात.

जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा, अशी ती योजना. आपण व्यापारी माणसे, म्हणून हिशेबच मांडतो. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी 30 टक्के कपात होते. हाती येतात साडेतीन गुंठे, आणि त्यांत वाटेकरी असतात सगळे भाऊ आणि बहिणी. हे साडेतीन गुंठे हाती येण्यासाठी कित्येक कुटुंबांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

तोवर घरातील मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, जुने घर अपुरे पडले. लोकांनी गावठाणाला लागून, कालपर्यंत आपल्याच असलेल्या जमिनीवर घरे वाढवली. सरकारी भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. ती नियमित करण्याविषयी वेळोवेळी शासननिर्णय निघाले. मात्र ज्या काळातील गोष्ट मी सांगणार आहे, त्या काळी अशा घराच्या मालकाकडे घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि वडिलांच्या नावाचा जुना सातबारा याखेरीज दाखवण्यासारखे काही नसे.

आपल्या समाजाचा या गावांशी संबंध आला तो बाजारामुळे. मस्जिद बंदर आणि दाणाबंदर येथील घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलवले गेले. कांदा-बटाटा आधी, मग 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मसाला आणि धान्य, पुढे 1996 मध्ये भाजी आणि फळे. बाजारामागे व्यापारी आले, माथाडी कामगार आले. कोपरखैरण्यातील लहान लहान घरांत माथाडी कुटुंबे वसली. त्यांच्यापाठोपाठ आपली दुकाने, देरासर, स्थानक, पाठशाळा आली. मुंबईतील पेढी सोडून खाडीपार यायला आपले कित्येक व्यापारी नाखूश होते, हे मी कर्जाच्या टेबलावर बसून ऐकले आहे. ‘आम्हाला उठवले’ असेच ते म्हणत. पण ज्यांना उठवले त्यांच्या हाती निदान नव्या गाळ्याचे कागद होते. ज्यांच्या शेतावर तो गाळा उभा राहिला, त्यांचे काय, असा प्रश्न आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात आला नाही. व्यापाऱ्याच्या नाही आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्याही नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

2003 सालची गोष्ट. ठाणे-वाशी लोकल अजून सुरू व्हायची होती. याच पट्टीतील एका शाखेत मी कर्ज विभाग पाहत होतो. बोनकोडे गावातील एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात कायम नोकरी. घराचा स्लॅब गळत होता, वर एक खोली काढायची होती, दोन लाख रुपये हवे होते. कागद तेच : घरपट्टीची पावती, विजेचे बिल, जुना सातबारा. मालमत्ता पत्रक नाही, भाडेपट्टा करार नाही, सिडकोचा ना-हरकत दाखला नाही. वकिलाचा शोध अहवाल मागवण्याचीही गरज नव्हती. मी शेरा लिहिला : ‘मालकी हक्क स्पष्ट नाही. शिफारस करता येत नाही.’

हा शेरा बरोबर होता. आज ती फाईल पुन्हा समोर आली तरी मी तोच शेरा लिहीन. ठेवीदारांचा पैसा आपला नसतो आणि ज्या तारणावर बँकेला हक्क सांगता येत नाही, ते तारणच नव्हे.

पण ते गृहस्थ उठेनात. “साहेब, घर आदी होता, कागद मागून आला,” असे काहीसे ते म्हणाले. मार्चअखेर होती, टेबलावर ढीग होता, मागे रांग होती. मी मान वर न करता म्हणालो, “जमीन फुकट बळकावायची, वर घर बांधायचे, आणि आता बँकेनेही फुकट पैसे द्यायचे?” शेजारच्या टेबलावरील दोघे हसले. गृहस्थांनी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि ते निघून गेले. पुढच्या माणसाने अर्ज पुढे केला.

माझे वडील नगर जिल्ह्यातील एका बाजारगावात किराणा दुकान चालवीत. दुष्काळाच्या वर्षी उधारी मागणारे पुष्कळ येत आणि सर्वांना देणे शक्य नसे. वडील आम्हा मुलांना सांगत, “उधारी नाकारावी लागते. माणूस नाकारू नये.” ते गल्ल्यावरून उठत, गिऱ्हाइकाला पाणी देत आणि मग नाही म्हणत. मी एम.कॉम. झालो, बँकेच्या परीक्षा दिल्या, कर्जनाकारणीची पत्रे लिहिण्यात तरबेज झालो. पाणी देणे तेवढे राहून गेले.

निवृत्तीनंतर एका सकाळी बोनकोडे गावातील एका गल्लीत, लहानशा दुकानाच्या ओट्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ मला दिसले. चेहरा नव्हे, कागद धरण्याची पद्धत ओळखीची वाटली. वर्तमानपत्र ते दोन्ही हातांनी, छातीशी धरून वाचत होते. तीच माणसे, तेच हात. मी पुढे निघून गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गल्लीने गेलो, पुन्हा न बोलता. असे एक वर्षाहून अधिक काळ चालले. त्या काळात एक संवत्सरीही येऊन गेली. मी मोबाईलवरून दोनशेहून अधिक लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवले. त्यांतील बहुतेकांशी माझे वर्षभरात बोलणेही झाले नव्हते, मग दुखावणे कोठून होणार? ज्याला दुखावले होते तो पाच मिनिटांच्या अंतरावर ओट्यावर बसलेला होता, आणि त्याचा क्रमांक माझ्या यादीत नव्हता.

प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थ मागे फिरणे, परत येणे, असा आपल्याला लहानपणापासून सांगितला जातो. मला त्या वर्षी प्रथमच जाणवले की परत जायचे तर एखाद्या विशिष्ट ठिकाणी जावे लागते. मोबाईलवर सर्वांना एकच निरोप पाठवून कोठेही पोचता येत नाही.

गेल्या भाद्रपदात शुद्ध चतुर्थीला आमची संवत्सरी झाली. त्याच दिवशी घरोघर गणपती बसले. पंचमीला सकाळी पारणे केले आणि दुपार उतरल्यावर मी बोनकोडे गावात गेलो. गणपतीच्या दिवसांत कोणाच्याही घरी जायला निमंत्रण लागत नाही, ही सोय मनाशी धरूनच गेलो होतो. भेकडपणाला अशी निमित्ते बरी सापडतात.

दुकानामागील खोलीत गणपती होता. मखर साधे, फुलांचे. भिंतीवर एका वृद्ध स्त्रीचे हार घातलेले छायाचित्र. गृहस्थांनी मला खुर्ची दिली. मी दर्शन घेतले, बसलो आणि एका दमात सांगून टाकले : शाखा कोणती, साल कोणते, टेबल कोणते आणि मी उच्चारलेले वाक्य कोणते. मला वाटले होते की त्यांना आठवणारही नाही.

त्यांना सर्व आठवत होते. थोडा वेळ ते गणपतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुमी तुमचा काम केला, साहेब. कागद नव्हता, ता खराच. पन ता बोलना म्हातारीला लागला.”

त्या दिवशी त्यांची आई माझ्या टेबलामागच्या बाकावर बसलेली होती. सहीसाठी लागलीच तर म्हणून ते तिला बरोबर घेऊन आले होते. ज्या जमिनीला मी फुकट बळकावलेली म्हणालो, त्या जमिनीवर ती लग्न होऊन आल्यापासून भात लावत आली होती. मी मान वर केली नव्हती, म्हणून मला ती दिसली नव्हती.

पुढची हकिगत त्यांनी कसलीही तक्रार न करता सांगितली. बँक नाही म्हणाल्यावर त्यांनी खासगी व्याजाने पैसे उचलले. दर महिन्याला शेकडा तीन. मी मनातल्या मनात गुणाकार केला. दोन लाखांवर महिन्याला सहा हजार रुपये, तेही नुसते व्याज. त्या काळी गृहकर्जाचा दर आठ टक्क्यांच्या आसपास होता. पंधरा वर्षांच्या मुदतीने त्याच दोन लाखांचा मासिक हप्ता, मुद्दलासह, सुमारे 1,911 रुपये झाला असता. चार वर्षांनी त्यांनी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातील आपला वाटा विकला आणि कर्ज फेडले. चाळीस गुंठ्यांचे साडेतीन झाले होते, त्यांतील आपल्या वाटणीचेही गेले.

येथे माझी खरी चूक मला दिसली. घर तारण म्हणून चालत नव्हते, हे ठीक. पण नोकरी कायम होती. पगारावर मिळणारे वैयक्तिक कर्ज होते, कारखान्यातील पतपेढी होती, सोने तारण होते. त्यांचा व्याजदर गृहकर्जाहून जास्त असता, पण महिन्याला तीन टक्क्यांच्या जवळपासही नसता. हे सर्व मला माहीत होते. सांगायला पाच मिनिटे पुरली असती. माझ्या त्या एका वाक्याने बोलणेच संपले, आणि ती पाच मिनिटे कधी आलीच नाहीत.

आपल्या तत्त्वज्ञानात नय आणि दुर्नय असा भेद आहे. एखादी वस्तू एका बाजूने पाहणे, हा नय. त्यात दोष नाही, कारण आपण छद्मस्थ माणसे वस्तूच्या सर्व बाजू एकाच वेळी पाहू शकत नाही. पण मला दिसली तीच बाजू खरी, बाकीच्या खोट्या, असे म्हणणे म्हणजे दुर्नय. पाठशाळेत मी हा भेद पाठ केला होता आणि परीक्षेत बक्षीसही मिळवले होते. माझा शेरा हा नय होता. कागदाच्या बाजूने पाहता हक्क स्पष्ट नाही, एवढेच तो सांगत होता. माझे वाक्य हा दुर्नय होता. कागद नाही म्हणजे माणूस चोर, असे ते सांगत होते. अनेकान्त म्हणजे सगळ्यांचेच बरोबर, असा गुळमुळीत अर्थ आपण व्यवहारात करतो. मला वाटते, तो आधी जिभेचा संयम आहे. आपल्याला बाजू एकच दिसली आहे याचे भान ठेवून बोलणे, म्हणजेच आपण जिला भाषासमिती म्हणतो ती. निर्णय कठोर असला तरी ती पाळता येते. वडील दुकानात तेच करत होते, कोणतेही मोठे नाव न देता.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आत आला. तो धान्य बाजारात आपल्यापैकीच एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब पाहतो. त्याने माझ्याकडे पाहिले, बाहेर उजेडाकडे पाहिले आणि म्हणाला, “काका, चहा घ्या. दिवस आहे अजून.” सूर्यास्तानंतर मी काही घेणार नाही, हे त्याला सांगावे लागले नाही. पेढीवर इतकी वर्षे काढल्यावर चौविहार काय ते त्याला ठाऊक होते. मला मात्र त्याच्या घरच्या गौरी कधी बसतात, हेही विचारावे लागले.

कबूल करतो, मी क्षणभर थबकलो. ज्या घरात एरवी मासळी शिजते, तेथील भांड्यातला चहा कसा घ्यावा? माझ्या मनातला हा प्रश्न त्या घराला नवा नसावा. मुलाची बायको काचेचा कोरा पेला घेऊन आली. “गणपतीत घरात मासळी नसते, काका,” एवढेच ती म्हणाली. मी चहा घेतला. आहाराचे माझे नियम मी आजही पाळतो, शेवटपर्यंत पाळीन. पण माझ्या नियमाची काळजी त्या घराने माझ्यापेक्षा अधिक घेतली, हे मला विसरता येत नाही.

याचा संबंध पुढे आमच्या सोसायटीत आला. गावाकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, म्हणून पालिकेला अर्ज द्यावा, असा विषय सभेत निघाला. मी म्हणालो की अहिंसा हे मी माझ्या स्वयंपाकघरासाठी घेतलेले व्रत आहे. जे गाव आपल्या इमारतीच्या किती तरी आधीपासून येथे आहे, त्याच्या अंगणाला मी ते कोणत्या अधिकाराने लावू? सभेने माझे ऐकले नाही. अर्ज गेला, त्यावर माझी सही नाही. शेजारच्या बंधूंनी काही दिवस माझ्याशी बोलणे कमी केले. त्यांच्यावर मी रागावलेलो नाही. त्यांनाही वासाची एक बाजू दिसली होती, आणि वास खरोखरच येतो.

आता रविवारी सकाळी मी त्या दुकानाच्या ओट्यावर तासभर बसतो. गावातील कोणी नोटीस घेऊन येते, कोणी कर्जाचे कागद, कोणी वारस नोंदीचा अर्ज. कागद वाचून अर्थ सांगणे एवढेच माझे काम. पुष्कळदा सांगावे लागते की यावर बँक कर्ज देणार नाही. तेव्हा आधी मान वर करतो, बाकावर आणखी कोण बसले आहे ते पाहतो, आणि मग दुसरे कोणते मार्ग आहेत ते सांगतो. त्या गृहस्थांच्या घराचा कागद मात्र अजूनही पूर्ण झालेला नाही. आम्ही दोघे मिळून त्याची फाईल तयार करत आहोत. माझ्या हातची ही पहिलीच फाईल, जिच्यात मी अर्जदाराच्या बाजूला बसलो आहे.

त्यांनी मला क्षमा केली का? मी विचारले नाही. निघताना त्यांनी माझ्या हातावर नारळाचा तुकडा आणि साखर ठेवली, त्यातून मी समजायचे ते समजलो. पण ज्यांना ते वाक्य खरोखर लागले, त्या भिंतीवरच्या छायाचित्रात आहेत. त्यांच्यापुढे मी हात जोडले. आपल्या वह्यांत अशा नोंदीला बाकी म्हणतात आणि ती पुढच्या पानावर ओढून न्यावी लागते.

वाचकहो, यंदा संवत्सरीचे निरोप पाठवण्याआधी आपापल्या यादीकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती. कदाचित जे नाव यादीत नाही, ते आपल्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर असेल.